नर्सबाईचा बाप

नलू मानवरला चिखलीत कुणी नावाने हाक मारत नसे. आरोग्य खात्यात नर्स म्हणून तिने आर्णीच्या आसपासची खेडी पायाखाली घातली, बाळंतपणं केली, पोरांना डोस पाजले आणि निवृत्त होऊन गावात आईजवळ येऊन राहिली, तरी ती नर्सबाईच राहिली. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे आणि गावही आता विचारत नसे. पेन्शन होती, दोन खोल्यांचं घर होतं, अंगणात लिंबाचं झाड होतं. आता कुठे जायचं नाही, स्वस्थ पडून राहायचं, एवढीच तिची इच्छा होती.

पण ती वर्षं स्वस्थ पडण्याची नव्हती. कापसाचं सगळं बिघडलं होतं. अधूनमधून कुठल्या तरी घरातून माणूस धावत यायचा आणि म्हणायचा, “नर्सबाई, चाला, औषध घेतलं.” औषध म्हणजे फवारणीचं. मग मिळेल त्या गाडीत माणसाला आडवं घालून आर्णीला न्यायचं, वाटभर त्याचं मनगट धरून बसायचं, त्याच्या बायकोला गप्प कर म्हणायचं. काही वाचले, काही नाही. परत आली की नलू पाय धुऊन ओट्यावर टेकायची, आणि आतून, खाटेवरून, तिची आई जमनाबाई विचारायची,

“गेला का राह्यला?”

“राह्यला,” किंवा “गेला,” नलू सांगायची. त्यापुढे दोघी बोलत नसत.

असंच एकदा नलू “गेला” म्हणाली, तेव्हा म्हातारी नेहमीसारखी गप्प झाली नाही.

“अन् तुहा बाप?” ती म्हणाली. “तो गेला का राह्यला? साऱ्या गावाचं सांगतं तू मले.”

नलूला आधी वाटलं, म्हातारी भ्रमली. ती आत गेली. जमनाबाई खाटेवर नीट बसली होती, डोळे जागेवर होते.

“मले येडी नोको समजू. आता माहे किती दिवस राह्यले? मी मेली का मले लेणं घालून न्यान का तसंच? बाया इचारतीन तुले. तू काय सांगशीन?”

जमनाबाईच्या गळ्यात काळी पोत होती आणि कपाळावर कुंकू. छप्पन साली सगळ्या वस्तीने धम्म घेतला, देव्हाऱ्यातले देव काढले, तेव्हा नलू शाळेत जात होती. जमनाबाईने सगळं काढलं, पोत काढली नाही. तिचा नवरा डोमाजी बेचाळीस साली पलटणीत गेला होता. लढणाऱ्या पलटणीत नाही. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर रस्ते खणायला, ओझी वाहायला जी माणसं भरती झाली त्यांच्यातला. तो गेला तेव्हा नलू पोटात होती. त्याच्या तुकडीत आर्णीचा देवराव नावाचा एकजण शिकलेला होता, तो डोमाजीची पत्रं लिहून द्यायचा. तीन पत्रं आली, मनिऑर्डर यायची. पोरगी झाल्याचं पाटलाकडून लिहून पाठवलं, त्याचं उत्तर आलं, तिचं नाव नलू ठेवा. मग चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात एक इंग्रजी कागद आला. पाटलाने वाचून सांगितलं की डोमाजी बेपत्ता आहे. मेला का, असं सासऱ्याने विचारलं. पाटील म्हणाला, तसं लिहिलं नाही. मनिऑर्डर बंद झाली. देवराव तिकडेच मेल्याचं आर्णीला कळलं. युद्ध संपलं, माणसं परत आली, डोमाजी आला नाही. जमनाबाईने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून पोरगी वाढवली, नागपूरला नर्सिंगला घातली, आणि या सगळ्या काळात त्या कागदावर बेपत्ता लिहिलं होतं तेच तिचं सौभाग्य धरून राहिली.

तो कागद नलूने पेटीतून काढला. घडीवर वाळवी लागली होती. नाव आणि नंबर नेमके त्या घडीतच होते. तिथे आता फक्त भोकं होती. खाली गावाचं नाव आणि आर्णी तेवढं वाचता येत होतं, आणि यवतमाळ, जुन्या इंग्रजी वळणाचं.

तिला मनापासून कंटाळा आला. तरी दुसऱ्या आठवड्यात तिने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि यवतमाळची एसटी धरली.

माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात फुलसिंग राठोड नावाचे एक गृहस्थ टेबलावर होते. स्वतः फौजेतून हवालदार होऊन आलेले, अंगाने उंच, मिशा पांढऱ्या. त्यांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

“नर्सबाई, साठ वर्षं झाली. यात नंबर नाही, नाव नाही. कोणाले लिहायचं?”

“तुम्ही पत्ते द्या, मी लिहिते.”

“लिहा. पण आशा ठेवू नका. माझ्या समोर जिवंत माणसांच्याच फायली सापडून नाही राह्यल्या.”

पत्ते त्यांनी दिले. नलूने लिहिलं. तिचं इंग्रजी खात्याच्या रिपोर्टापुरतं होतं, तेवढ्यात भागवलं: डोमाजी मानवर, गाव चिखली, जिल्हा यवतमाळ, बेचाळीस साली भरती, चव्वेचाळीस साली बेपत्ता. लष्कराच्या अभिलेख कार्यालयाकडून बऱ्याच महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं, या नावाचा अभिलेख उपलब्ध नाही. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. युद्धात मेलेल्यांची नावं जी संस्था सांभाळते तिलाही लिहिलं. ब्रह्मदेशात ज्यांचं प्रेत सापडलं नाही त्यांची नावं तिकडे दगडावर कोरली आहेत, असं फुलसिंगांनी सांगितलं होतं. त्या संस्थेचं पत्र सभ्य होतं. डोमाजी मानवर हे नाव त्यात नव्हतं.

ते पत्र घेऊन ती फुलसिंगांकडे गेली. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला.

“बेपत्ता झालेल्याले काही दिवसांनी मेलेल्यात धरतात. मग नाव त्या दगडावर जाते. हे नाव मेलेल्यात नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाई, तुम्हाले वाईट वाटन. पळून गेलेल्यांची नावं दगडावर नाही घालत.”

परतीच्या बसमध्ये नलूला खिडकीची जागा मिळाली होती. जिनिंग कारखान्यासमोर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, रस्ता अडला होता आणि बस कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. गाडीवान गाड्यांखाली सावलीला झोपले होते. बाप पळाला असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. पळाला असेल तर कुठे पळाला? आणि मग घरी काहून आला नाही? तिकडे कुणी दुसरी केली असेल. गावात पूर्वी बाया बोलायच्याच तसं, पाणी भरताना, जमनाबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

घरी आल्यावर म्हातारीने विचारलं, “काय म्हणे?”

“अजून पाहून राह्यले,” नलू म्हणाली.

ती त्यानंतर वर्षभर यवतमाळला गेली नाही. म्हातारीने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. नलूला वाटलं, बरं झालं. तिला झोप लागत नसे. दिवसा डोळे जड व्हायचे आणि पडलं की उघडेच राहायचे. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, दोनदा पेरणी झाली, आणि तिला आर्णीला जावं लागायचं ते जावं लागलंच.

दोन हजार सहा साली दिल्लीहून मदतीचं पॅकेज जाहीर झालं आणि यवतमाळच्या कचेऱ्यांना माणसांचा पूर आला. गावातली वैष्णवी, वय पंचविशीचं, तिचा नवरा मागच्या हंगामात गेला होता. नलूनेच त्याला आर्णीला नेलं होतं. तिच्या फायलीत काही अडलं होतं आणि कचेरीत एकटीने जायला ती भीत होती, म्हणून नलू बरोबर गेली. रांग जिन्यापर्यंत होती. सगळ्या बायाच. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत नवरा कसा मेला त्याचे कागद. पुढे उभी असलेली एक म्हातारी बाई नलूच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाली,

“तुमचा कधी गेला बाई?”

“माहा नाही. मी हिच्यासंगं आली.”

टेबलापाशी पोचायला दुपार झाली. कारकून थकलेला होता. त्याने रागही केला नाही. फाईल चाळून त्याने परत वैष्णवीच्या हातात दिली.

“सातबाऱ्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, दवाखान्याच्या कागदावर तिसरं. कोणता माणूस मेला म्हणू मी? नावाचं प्रतिज्ञापत्र आणा.”

“तो एकच होता साहेब,” वैष्णवी म्हणाली.

“मला माहीत आहे एकच होता. कागदावर तीन आहेत.”

जिना उतरताना नलू मध्येच कठड्याला धरून थांबली. वैष्णवीला वाटलं, तिला चक्कर आली. तिने पाणी आणायला म्हणून पाऊल उचललं.

“थांब,” नलू म्हणाली. “काही नाही झालं.”

मानवर हे आडनाव तिचं होतं. शाळेत लावलं गेलं, छप्पननंतर पक्कं झालं, नोकरीच्या पुस्तकात लागलं. बेचाळीस साली भरतीच्या टेबलापाशी तिच्या बापाला कुणी आडनाव विचारलं असेल? जात विचारली असेल. पन्नास वर्षं घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, आणि ती डोमाजी मानवरला शोधत बसली होती.

घरी येऊन तिने आईला विचारलं, “माय, बाबाले पलटणीत काय नावानं बोलवत?”

जमनाबाई खाटेवर उठून बसली. “कायले पाह्यजे तुले ते?”

“सांग ना.”

“डोमा महार म्हणत,” म्हातारी म्हणाली. “तवा सारेच म्हणत. तुह्या आज्यालेबी तेच म्हणत.”

नलूने पुन्हा पत्र लिहिलं. ते नाव इंग्रजीत ज्या ज्या प्रकारे लिहिता येईल त्या प्रकारांनी लिहिलं. फुलसिंगांनी कार्यालयाचं पत्र जोडून दिलं. त्या दिवसांत त्यांनाही पॅकेजसाठीच्या घरोघरच्या पाहणीला लावलं होतं, बोलायला त्यांच्यात बळ नव्हतं.

उत्तर आलं तेव्हा ते पत्र नव्हतं, जाड लिफाफा होता. पोस्टमन तो वैष्णवीकडे देऊन गेला, कारण नलू कुणाला तरी घेऊन आर्णीला गेली होती. परत आल्यावर नलूने तो न उघडताच पिशवीत टाकला आणि सकाळच्या गाडीने यवतमाळला नेला. एकटीने उघडायचं तिच्याने झालं नाही.

आत झेरॉक्स होत्या. वरच्या कागदावर लिहिलं होतं की डोमा महार या नावाची फाईल सापडली असून उपलब्ध पत्रव्यवहाराच्या प्रती सोबत आहेत. फुलसिंगांनी दार लोटून घेतलं आणि एकेक कागद लावत गेले.

बेपत्ता झाल्यानंतर काही आठवड्यांनी डोमा महार सापडला होता. डोक्याला मार, तापाने बेशुद्ध, ओळखीचं काही जवळ नाही. दुसऱ्याच तुकडीच्या लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात टाकलं. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथून आणखी मागे. तो कोण हे ठरायलाच पुष्कळ महिने गेले. ठरल्यावर घरी कळवल्याची नोंद होती. पत्र गेलं होतं चिखली, जिल्हा यवतमाळ या पत्त्यावर.

फुलसिंगांनी लिफाफ्याच्या प्रतीवर बोट ठेवलं. पोस्टाचा शिक्का होता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या मुकुटबनचा.

“तिकडंबी एक चिखली आहे,” ते म्हणाले.

नलूला माहीत होतं. पोलिओच्या मोहिमेत ती एकदा त्या चिखलीत गेली होती, शाळेच्या व्हरांड्यात बसून चहा प्याली होती. देवराव असताना तो पत्त्यात आर्णी लिहायचा. देवराव मेला होता. दवाखान्यातल्या परमुलखातल्या माणसाला डोमाने गाव सांगितलं असेल, जिल्हा सांगितला असेल. त्याने तेवढंच लिहिलं. लिफाफ्यावर शेरा होता, या नावाचा माणूस गावात नाही.

त्याच्या खाली आणखी दोन पत्रं होती. कुणीतरी डोमासाठी लिहून दिलेली, रोमन अक्षरांत, हिंदुस्तानी. दोन्ही मुकुटबनहून परत फिरलेली, फाईलला लावून ठेवलेली. फुलसिंगांनी ती मोठ्याने वाचली. फौजेत असली पत्रं त्यांनी पुष्कळ वाचली होती, पण मध्ये ते दोनदा थांबले.

पहिल्यात होतं, “जमना को मालूम हो कि मैं ज़िंदा हूँ. सिर में चोट लगी थी, अब आराम है. बेटी अब चलती होगी. जवाब देना.”

दुसरं सहा महिन्यांनंतरचं होतं. “मेरी चिट्ठी वापस आई. लिखा है इस नाम का कोई नहीं. तुमने दूसरा घर किया होगा तो मैं नाराज़ नहीं हूँ. बेटी का क्या हुआ, इतना किसी से लिखवा देना.”

शेवटचा कागद सेवेतून सोडल्याचा होता. सेहेचाळीसचा ऑगस्ट, महिन्याचा मध्य, कलकत्ता. रेल्वेचा पास हावड्यापासून, मूर्तिजापूरला गाडी बदलून यवतमाळपर्यंत. खाली अंगठ्याचा काळा डाग.

“पळाला नव्हता,” फुलसिंग म्हणाले.

“मग आला काहून नाही?”

त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. “मी बंगालमधे होतो काही वर्षं. तिथले जुने लोक सांगत. त्या ऑगस्टमधे, बरोबर त्याच दिवसांत, कलकत्त्यात हिंदू-मुसलमानांत कापाकापी झाली. रस्त्यावर प्रेतं पडून होती, कोणी उचलत नव्हतं. छावणीतून स्टेशनपर्यंत जायचं म्हणजे...” त्यांनी पासाची प्रत पुन्हा उजेडाकडे धरली. मग म्हणाले, “तेच झालं असं मी म्हणत नाही. पास सगळ्यांलेच घरच्या स्टेशनाचा देतात. त्यावरून तो निघाला का नाही, हे नाही कळत.”

“हो,” नलू म्हणाली.

तिने कागद लिफाफ्यात घातले. उठायला गेली आणि पुन्हा बसली. फुलसिंगांनी कुणाला तरी चहा सांगितला. तो येऊन गार झाला.

आईला सांगायचं की नाही, यावर बसमध्ये विचार करायचा असं तिने ठरवलं होतं, पण ती बसल्या बसल्या झोपली आणि कंडक्टरने आर्णीला उठवलं. तिथून चिखलीपर्यंत ऑटोत तिला वाटत राहिलं, अर्धं सांगावं. घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. पत्रं वाचून दाखवली, ज्या हिंदीत होती त्याच हिंदीत. कलकत्त्याचं सांगितलं, आणि पासावरून काही कळत नाही, हेही सांगितलं.

जमनाबाई शेवटी म्हणाली,

“मी दुसरा घरोबा केला असन, असं लिहिलं त्यानं?”

“केला असशील तर राग नाही, असं लिहिलं.”

म्हातारी हसली, आवाज न करता. “दोघं आलते मले मागाले. एक तर चांगला होता, जवळा गावचा, बैलजोडी होती त्याची. मी त्या कागदापायी नाही म्हणलं. कागदावर मेला लिहिलं असतं तर मी लावला असता पाट. तुले बाप भेटला असता. मले वेचणीले जावं लागलं नसतं.”

लहानपणापासून नलूने लोकांकडून ऐकलं होतं की जमना नवऱ्यासाठी थांबली, कशी सतीसारखी थांबली. आई स्वतः तसं कधीच बोलली नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“त्यानंबी वाट पाह्यली असन,” जमनाबाई म्हणाली. “इकडं मी, तिकडं तो. अन् पत्र जाऊन राह्यलं मुकुटबनले.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “हे काढ बरं माह्या गळ्यातलं. गाठ मले नाही सुटत.”

गाठ नलूलाही सुटली नाही. धागा आवळून कडक झाला होता. तिने कात्रीने कापला. त्या जागी मानेवर कातडी पांढरी पडली होती. म्हातारीने तिथे हात फिरवला आणि खाटेवर कलंडली. “मेला तो,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “कुठंबी मेला असन. म्हातारा होऊन मेला असन तं बरं.” मग ती रडली, आणि नलू तिच्या पायाशी बसून राहिली.

डोमाजीच्या नावाने पुण्यानुमोदन, मेलेल्यासाठीची वंदना, ऑगस्टच्या मध्याला केलं. आर्णीहून भंतेजी आले, वस्तीतली माणसं जमली. डोमाजीचा फोटो नव्हता, तर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी नुसती मेणबत्ती लावली. वैष्णवीने स्वयंपाक हाती घेतला. तिच्या फायलीचं अजून काही झालं नव्हतं. फुलसिंग येतो म्हणाले होते. त्यांची पाहणीची पाळी लागली आणि येणं झालं नाही. जेवणं चालू असतानाच खालच्या आळीतून एकजण पोराला कडेवर घेऊन नर्सबाईंकडे आला. त्याच्या पोराला फक्त ताप होता. नलूने उष्ट्या हाताने दाराशी येऊन पोराचं कपाळ पाहिलं आणि जेवायला बसवलं, दोघांनाही.

जमनाबाई पुढच्या उन्हाळ्यात गेली. खाटेवरच, झोपेत. बायांनी नलूकडे पाहिलं. तिने पांढरं पातळ काढून दिलं आणि कुणी काही विचारलं नाही.

नंतर एकदा फुलसिंगांचा फोन आला. कलकत्त्याला त्या वेळच्या पोलिसांचे, दवाखान्यांचे कागद असतील, त्यांनी एक पत्ता मिळवला होता. नलूने तो लिहून घेतला. एक पत्र पाठवलं, दोन्ही नावं घालून. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र तिने लिहिलं नाही. त्या सुमारास दुपारी जेवण झालं की तिचे डोळे आपोआप मिटायला लागले होते, आणि दिवस कलेपर्यंत ती उठत नसे. वैष्णवी येऊन दार लोटून घ्यायची आणि बाहेर ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगायची, नर्सबाई झोपल्या आहेत, नंतर या.